राजकीय कटाचे आरोप : सत्यता पारखण्याचे निकष

निवडणुकीचा अनपेक्षित निकाल, एखाद्या नेत्याचा आकस्मिक मृत्यू किंवा सरकारी कागदपत्रे उघड करण्यास दिलेला नकार यांनंतर कटाचे आरोप होणे ही लोकशाही देशांतील नित्याची बाब आहे. यांपैकी काही आरोप न्यायालयात सिद्ध झाले. बरेचसे चौकशीत टिकले नाहीत. काहींचा एक भाग खरा, तर उरलेला निराधार ठरला. त्यामुळे प्रत्येक आरोप खरा मानणे जसे चुकीचे, तसेच प्रत्येक आरोप हसण्यावारी नेणेही धोक्याचे ठरते. आरोप कोणत्या पक्षाविरुद्ध आहे हे बाजूला ठेवून त्याची शहानिशा कशी करता येते, याचा भारत व अमेरिकेतील काही प्रमुख प्रकरणांच्या आधारे घेतलेला हा आढावा.

कायद्यातील कट

कट ही कायद्याला अपरिचित असलेली कल्पना नाही. दोन किंवा अधिक व्यक्तींनी बेकायदा कृत्य करण्याचे, अथवा कायदेशीर कृत्य बेकायदा मार्गाने करण्याचे संगनमत केल्यास तो फौजदारी कट ठरतो. भारतीय दंड संहितेत १९१३ मध्ये समाविष्ट करण्यात आलेल्या कलम १२० अ व १२० ब मध्ये ही तरतूद होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती कलम ६१ मध्ये आहे. म्हणजेच 'कट' हा शब्द उच्चारल्याने आरोप हास्यास्पद ठरत नाही, आणि सिद्धही होत नाही. संगनमत कोणाचे, कशासाठी आणि कोणत्या पुराव्याने दिसते, हे प्रश्न न्यायालयात विचारले जातात. राजकीय आरोपालाही तेच प्रश्न लागू होतात.

गांधीहत्या : मूठभरांचे फुटलेले गुपित

स्वतंत्र भारतातील सिद्ध झालेला सर्वांत गंभीर राजकीय कट म्हणजे महात्मा गांधी यांची ३० जानेवारी १९४८ रोजी झालेली हत्या. या कटातील माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. तरीही तो हत्येपूर्वीच फुटला होता. २० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीतील बिर्ला भवनात प्रार्थनासभेच्या वेळी स्फोट झाला आणि मदनलाल पाहवा याला जागीच अटक करण्यात आली. त्याच्या जबाबातून पुण्यातील एका वृत्तपत्राच्या संपादकाचा उल्लेख पुढे आला. मदनलालने मुंबईतील रुईया महाविद्यालयाचे प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांच्याजवळ या बेताची वाच्यता आधीच केली होती. स्फोटाची बातमी वाचल्यावर जैन यांनी मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर व गृहमंत्री मोरारजी देसाई यांची भेट घेऊन ही माहिती दिली. त्यानंतरही नऊ दिवसांनी हत्या झालीच.

लाल किल्ल्यातील विशेष न्यायालयाने १० फेब्रुवारी १९४९ रोजी निकाल दिला. दिगंबर बडगे याची माफीचा साक्षीदार म्हणून झालेली साक्ष या खटल्यात महत्त्वाची ठरली. विनायक दामोदर सावरकर यांची न्यायालयाने निर्दोष मुक्तता केली. पुढे उच्च न्यायालयाने आणखी दोन आरोपींना मुक्त केले. नथुराम गोडसे व नारायण आपटे यांना १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाला येथे फाशी देण्यात आली.

हत्येची पूर्वकल्पना आपल्याला होती, असे विधान ग. वि. केतकर यांनी नोव्हेंबर १९६४ मध्ये पुण्यातील एका समारंभात केल्याने हे प्रकरण पुन्हा चर्चेत आले. चौकशीसाठी नेमण्यात आलेल्या न्यायमूर्ती जीवनलाल कपूर आयोगाने १९६९ मध्ये अहवाल दिला. मिळालेल्या माहितीचा पाठपुरावा करण्यात आणि दिल्ली व मुंबई पोलिसांनी परस्परांशी समन्वय राखण्यात त्रुटी राहिल्याचे आयोगाने दाखवून दिले.

या प्रकरणातून दोन गोष्टी लक्षात येतात. मूठभर लोकांचा कटही फार काळ गुप्त राहत नाही. अटक, जबाब, माफीचा साक्षीदार आणि बोलघेवडेपणा यांतून त्याच्या खुणा उरतात. दुसरे म्हणजे, खरा कट आणि यंत्रणेची हलगर्जी एकाच घटनेत एकत्र नांदू शकतात. पोलिसांची ढिलाई दिसली म्हणून पोलीसही कटात सामील होते, असा निष्कर्ष आपोआप निघत नाही. त्यासाठी वेगळा पुरावा लागतो.

वॉटरगेट : स्वपक्षालाही नाकारता न आलेला पुरावा

अमेरिकेत १७ जून १९७२ रोजी वॉशिंग्टनमधील वॉटरगेट संकुलातील डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात शिरलेल्या पाच जणांना अटक झाली. रिपब्लिकन अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या व्हाइट हाउसने ही किरकोळ घरफोडी असल्याचे सांगितले. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये निक्सन ५० पैकी ४९ राज्ये जिंकून पुन्हा निवडून आले. त्या वेळी हा आरोप पराभूत पक्षाची कुरकुर म्हणून सोडून देणे सहज शक्य होते.

परंतु चौकशी थांबली नाही. फेब्रुवारी १९७३ मध्ये सिनेटने चौकशी समिती नेमण्याचा ठराव ७७ विरुद्ध शून्य मतांनी संमत केला. अध्यक्षांच्या कार्यालयातील संभाषणे ध्वनिमुद्रित होत असल्याची माहिती जुलै १९७३ मध्ये निक्सन यांच्याच माजी सहायकाने समितीसमोर दिली. या ध्वनिफिती सादर करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २४ जुलै १९७४ रोजी आठ विरुद्ध शून्य अशा एकमताने दिला. निकालपत्र लिहिणारे सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांची नियुक्ती निक्सन यांनीच केली होती. प्रतिनिधिगृहाच्या न्यायविषयक समितीने महाभियोगाचा पहिला ठपका २७ विरुद्ध ११ मतांनी मंजूर केला. त्या २७ मध्ये सहा रिपब्लिकन सदस्य होते. तपास रोखण्याचे आदेश असलेली ध्वनिफीत ५ ऑगस्ट रोजी जाहीर झाल्यावर समितीत विरोधी मत दिलेल्या रिपब्लिकन सदस्यांनीही भूमिका बदलली. ९ ऑगस्ट १९७४ रोजी निक्सन पायउतार झाले.

वॉटरगेटचा आरोप विरोधकांच्या आग्रहामुळे खरा ठरला नाही. आरोप खरा ठरल्याने ज्यांचे राजकीय नुकसान होणार होते, त्यांनाही पुरावा मान्य करावा लागला. राजकीय कटाच्या आरोपांची पारख करताना यासारखी भक्कम कसोटी क्वचितच मिळते.

संशयाची दिशा आणि सत्तेची जागा

अमेरिकेतील राज्यशास्त्रज्ञ जोसेफ युसिन्स्की व जोसेफ पॅरेंट यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'कडे १८९० ते २०१० या काळात आलेल्या एक लाखाहून अधिक वाचकपत्रांचा अभ्यास करून २०१४ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. कटाचा संशय सत्तेवर असलेल्यांकडे आणि त्यांच्या पाठीराख्यांकडे अधिक वळतो, सत्तांतर झाले की संशयाची दिशाही बदलते, असे त्यांना आढळले. सत्ता गमावलेल्यांना कट अधिक दिसतात, असा त्याचा थोडक्यात अर्थ.

अमेरिकेतील अलीकडच्या प्रकरणांतही हे दिसून येते. २००४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत ओहायो राज्यातील मतदानाविषयी डेमोक्रॅट समर्थकांनी शंका घेतल्या. काँग्रेसमध्ये ६ जानेवारी २००५ रोजी आलेला आक्षेप सिनेटने ७४ विरुद्ध १ मताने फेटाळला. बराक ओबामा यांचा जन्म अमेरिकेबाहेर झाल्याचा दावा रिपब्लिकन समर्थकांमध्ये पसरला. ओबामा यांच्या जन्माची मूळ नोंद आपण पाहिल्याचे हवाई राज्याच्या आरोग्य संचालकांनी ऑक्टोबर २००८ मध्ये जाहीर केले, तेव्हा तेथील गव्हर्नर रिपब्लिकन पक्षाच्या होत्या. तरीही दावा सुरूच राहिला आणि एप्रिल २०११ मध्ये सविस्तर जन्मदाखला प्रसिद्ध झाल्यावरही तो पूर्णपणे थांबला नाही.

२०१६ च्या निवडणुकीनंतर डोनाल्ड ट्रम्प यांच्या प्रचारयंत्रणेने रशियाशी संगनमत केल्याचा आरोप झाला. विशेष अधिवक्ता रॉबर्ट म्युलर यांच्या २०१९ मधील अहवालात रशियाने निवडणुकीत व्यापक व पद्धतशीर हस्तक्षेप केल्याचे नमूद करण्यात आले. मात्र प्रचारयंत्रणेने रशियन सरकारसमवेत कट केल्याचे तपासात सिद्ध झाले नाही. अहवालाचा हवा तो अर्धा भाग उचलण्याचा मोह दोन्ही बाजूंना झाला.

२०२० च्या निवडणुकीत मतांची चोरी झाल्याचा दावा ट्रम्प यांनी केला. त्यासंबंधीचे साठहून अधिक दावे न्यायालयांत अपयशी ठरले आणि ते फेटाळणाऱ्यांत ट्रम्प यांनी नेमलेले न्यायाधीशही होते. जॉर्जिया राज्यात सुमारे ५० लाख मतपत्रिका हातांनी पुन्हा मोजण्यात आल्या. तेथील निवडणूक यंत्रणेचे प्रमुख रिपब्लिकन होते. ॲरिझोनातील मॅरिकोपा काउंटीत रिपब्लिकन बहुमताच्या राज्य सिनेटने खास नेमलेल्या खासगी कंपनीच्या २०२१ मधील फेरतपासणीत जो बायडेन यांची मते ९९ ने वाढली आणि ट्रम्प यांची २६१ ने घटली. आरोपकर्त्यांच्या बाजूने नेमलेल्या तपासनीसांनाच तो सिद्ध करता येऊ नये, ही वॉटरगेटच्या नेमकी उलट बाजू होय.

मतदान यंत्रे : आरोप तोच, आरोपकर्ते वेगळे

भारतात इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्रांवरील आक्षेपांचा इतिहास यंत्रांच्या पहिल्या वापराइतकाच जुना आहे. मे १९८२ मध्ये केरळातील परूर विधानसभा मतदारसंघात ५० केंद्रांवर ही यंत्रे प्रथम वापरण्यात आली. भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे उमेदवार शिवन पिल्लई यांनी मतदानापूर्वीच यंत्रांना आक्षेप घेतला होता. परंतु १२३ मतांनी तेच विजयी झाले. मग पराभूत काँग्रेस उमेदवार ए. सी. जोस न्यायालयात गेले. यंत्रांच्या वापराला कायद्याचा आधार नसल्याने सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये त्या ५० केंद्रांवर फेरमतदानाचा आदेश दिला आणि मतपत्रिकांवर झालेल्या मतदानानंतर जोस विजयी झाले. पुढे लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुरुस्ती करून यंत्रांना मान्यता देण्यात आली. २००४ ची लोकसभा निवडणूक सर्व ५४३ मतदारसंघांत यंत्रांवर झाली.

२००९ च्या लोकसभा निवडणुकीतील पराभवानंतर भारतीय जनता पक्षाचे ज्येष्ठ नेते लालकृष्ण अडवाणी यांनी मतपत्रिकांकडे परतण्याची मागणी केली. उत्तर प्रदेशच्या २०१७ मधील निकालानंतर बहुजन समाज पक्षाने, तर पंजाबच्या निकालानंतर आम आदमी पक्षाने यंत्रांवर संशय घेतला. याच पक्षाने २०१५ मध्ये दिल्लीत यंत्रांवर झालेल्या निवडणुकीत ७० पैकी ६७ जागा जिंकल्या होत्या. महाराष्ट्रात २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महाविकास आघाडीने ४८ पैकी ३० जागा मिळवल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विधानसभेत मोठा पराभव झाल्यावर आघाडीतील पक्षांनी यंत्रांविषयी शंका उपस्थित केल्या. सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडीच्या ग्रामस्थांनी डिसेंबरमध्ये स्वतःच मतपत्रिकांवर मतदान घेण्याचे ठरवले. प्रशासनाच्या मनाईनंतर ते रद्द करण्यात आले.

आरोपकर्ते बदलले म्हणून आरोप खोटा ठरत नाही. पराभूत पक्षाचे म्हणणेही खरे असू शकते. मात्र येथे तीन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले जातात : यंत्रात फेरफार शक्य आहे का, तो मोठ्या प्रमाणावर घडण्याचा संभव किती, आणि तो प्रत्यक्ष घडल्याचा पुरावा आहे का.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर २०१० मध्ये काही भारतीय व परदेशी संशोधकांनी दिले. यंत्र प्रत्यक्ष हाती आल्यास त्याचे भाग बदलून निकाल फिरवता येतो, असे त्यांनी दाखवले. त्यांनी वापरलेले यंत्र मुंबईतील सरकारी ताब्यातून चोरीस गेल्याच्या प्रकरणात त्यांपैकी एकाला अटकही झाली. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर व्यवस्थेत शोधावे लागते. यंत्रे कोणत्याही जाळ्याला जोडलेली नसतात. ती कोणत्या केंद्रावर जाणार हे सरमिसळ पद्धतीने ठरते. मतदानापूर्वी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर चाचणी मतदान होते आणि मतदान संपल्यावर एकूण मतांची नोंद असलेल्या नमुना १७ क ची प्रत त्यांना दिली जाते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत सुमारे साडेदहा लाख मतदान केंद्रे होती. एवढ्या पसाऱ्यात, परस्परविरोधी पक्षांचे प्रतिनिधी हजर असताना, निकाल फिरवण्यासाठी किती जणांना सामील करावे लागेल आणि त्यांतील एकही कसा फुटणार नाही, हे सांगण्याची जबाबदारी आरोप करणाऱ्यावर येते.

तिसऱ्या प्रश्नासाठी पडताळणीची सोय लागते. भाजप नेते सुब्रमण्यम स्वामी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ८ ऑक्टोबर २०१३ रोजी मतदाराला आपले मत कागदी चिठ्ठीवर दिसण्याची व्यवस्था, म्हणजे व्हीव्हीपॅट, आवश्यक ठरवली. विरोधी पक्षांच्या याचिकेनंतर ८ एप्रिल २०१९ रोजी प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रांवरील चिठ्ठ्यांची मोजणी करण्याचा आदेश देण्यात आला. सर्व चिठ्ठ्यांच्या मोजणीची मागणी न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी फेटाळली. चार कोटींहून अधिक चिठ्ठ्या यंत्रातील मतांशी ताडून पाहण्यात आल्या असून एका केंद्राचा अपवाद वगळता तफावत आढळली नाही, ही आयोगाची माहिती निकालात विचारात घेण्यात आली. त्याच वेळी दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना ठरावीक प्रमाणात यंत्रांची तपासणी मागण्याची मुभा देण्यात आली.

म्हणजेच अविश्वासातून निघालेल्या मागणीने व्यवस्था सुधारली. ती मागणी आधी एका बाजूच्या, नंतर दुसऱ्या बाजूच्या पक्षांनी पुढे नेली. अधिक चिठ्ठ्या मोजाव्यात किंवा यंत्रातील आज्ञावली तज्ज्ञांना खुली करावी, असे म्हणणे ही पारदर्शकतेची मागणी आहे. निकाल चोरला गेला, हा आरोप आहे. पहिलीसाठी कारण पुरते, दुसऱ्यासाठी पुरावा लागतो.

हरियाणातील पानिपत जिल्ह्यातील बुआना लाखू गावच्या सरपंचपदाचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. २०२२ मध्ये झालेल्या या निवडणुकीतील यंत्रांची फेरमोजणी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली झाली आणि पराभूत ठरवण्यात आलेला उमेदवार ५१ मतांनी विजयी घोषित झाला. मूळ मते जपून ठेवलेली असल्यामुळेच चुकीचा निकाल दुरुस्त होऊ शकला.

गोपनीयता आणि संशय

नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या मृत्यूविषयीचा वाद संशयाला गोपनीयता कशी खतपाणी घालते, हे दाखवतो. १८ ऑगस्ट १९४५ रोजी तैपेई येथील विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाल्याचा निष्कर्ष शाहनवाज समितीने १९५६ मध्ये आणि खोसला आयोगाने १९७४ मध्ये काढला. समितीचे एक सदस्य, नेताजींचे बंधू सुरेशचंद्र बोस, यांनी मात्र भिन्न मत नोंदवले. मुखर्जी आयोगाने २००५ मध्ये विपरीत निष्कर्ष दिला आणि केंद्र सरकारने २००६ मध्ये तो अमान्य केला. पश्चिम बंगाल सरकारने सप्टेंबर २०१५ मध्ये ६४ फाइली, तर केंद्र सरकारने २३ जानेवारी २०१६ रोजी १०० फाइली खुल्या केल्या. नेताजी नंतर कोठे राहिले, हे निर्विवादपणे सिद्ध करणारा कागद त्यांत मिळाला नाही. मात्र स्वातंत्र्यानंतर सुमारे दोन दशके बोस कुटुंबीयांवर सरकारी पाळत होती, हे २०१५ मध्ये उघड झाले. दडवलेले काहीतरी होते. पण ते संशयितांनी कल्पिले होते तेच होते असे नाही. सरकारने लवकर कागद खुले केले असते, तर दोन्ही गोष्टी लवकर वेगळ्या करता आल्या असत्या.

पारखण्याचे निकष

वरील प्रकरणांतून पुढील निकष हाती येतात.

१. दावा नेमका आहे का? कोणी, केव्हा, कोठे आणि कसे केले, हे न सांगणारा आरोप तपासता येत नाही.

२. किती जणांचे मौन गृहीत धरले आहे? गांधीहत्येचा कट मूठभरांनाही लपवता आला नाही. हजारोंच्या मौनावर उभ्या असलेल्या दाव्याला तितकाच भक्कम पुरावा हवा.

३. चूक, हलगर्जी किंवा योगायोग यांनी घटनेचा उलगडा होतो का?

४. पुरावा मूळ व स्वतंत्र आहे का? दहा ठिकाणी छापलेली एकच ऐकीव गोष्ट हा एकच पुरावा असतो.

५. काय आढळल्यास आरोप मागे घेतला जाईल? फेरमोजणी विरोधात गेली की मोजणारेही कटात सामील ठरत असतील, तर तो दावा पडताळणीच्या पलीकडे गेलेला असतो.

६. आरोपाचा कोणता भाग सिद्ध झाला आहे? एक भाग खरा निघाल्याने उरलेला खरा ठरत नाही.

७. ज्यांच्या हिताला बाधा येते, त्यांच्यापैकी कोणी पुरावा मान्य केला आहे का?

८. पक्षांची नावे अदलाबदल केली तर निष्कर्ष तोच राहील का? आपल्या पक्षावर हाच आरोप, याच पुराव्यानिशी झाला असता तर तो पुरेसा वाटला असता का, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारायचा आहे. बाकीचे सात निकष प्रामाणिकपणे लावले गेले की नाही, हे याच प्रश्नातून कळते.

दोन्ही बाजूंची किंमत

चुकीच्या निर्णयाची किंमत दोन्हीकडे मोजावी लागते. निवडणूक चोरीला गेल्याच्या दाव्यावर विश्वास ठेवणाऱ्या जमावाने ६ जानेवारी २०२१ रोजी वॉशिंग्टनमधील संसद भवनावर हल्ला केला. जॉर्जियातील दोन मतमोजणी कर्मचारी महिलांवर बनावट मते मोजल्याचा खोटा आरोप झाला. धमक्यांमुळे त्यांचे जगणे कठीण झाले. बदनामीच्या दाव्यात ज्यूरीने डिसेंबर २०२३ मध्ये त्यांना सुमारे १४ कोटी ८० लाख डॉलर भरपाई मंजूर केली. कटाच्या आरोपात 'यंत्रणा' असे मोघम नाव घेतले जाते. शिक्षा मात्र मतदान केंद्रावरील शिक्षकाला, लिपिकाला किंवा मोजणीच्या टेबलावर बसलेल्या कर्मचाऱ्याला भोगावी लागते.

दुसऱ्या बाजूला, जानेवारी १९४८ मध्ये मिळालेल्या इशाऱ्याचा पाठपुरावा नीट न झाल्याची किंमत देशाने मोजली. वॉटरगेटची बातमी निवडणुकीतील बहुमताच्या बळावर दडपली गेली असती, तर सत्तेचा तो गैरवापर कधीच उजेडात आला नसता. म्हणून मतपत्रिका, चिठ्ठ्या, ध्वनिफिती आणि फाइली जपून ठेवणे व वेळेवर खुल्या करणे हे सरकार व संस्थांचे काम आहे, आणि त्या उघडल्यावर त्यांतून आपल्या मनाविरुद्ध जे निघेल ते स्वीकारणे हे पक्षांचे व नागरिकांचे.